दादांच्या मापाचा स्वेटर

बडोद्यात थंडी पडते यावर मनापासून विश्वास असलेला एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे, आणि ते माझे साडू निघावेत हा माझ्या नशिबाचा भाग. बाकी सगळ्या गावाला सत्य ठाऊक आहे. डिसेंबरात आमचा पंखा पाचवरून तीनवर येतो, त्याला आम्ही हिवाळा म्हणतो. उत्तरायणाला पहाटे पतंग घेऊन गच्चीवर चढलेली मंडळी आठ वाजता कानटोप्या काढतात आणि दहाला सावली शोधू लागतात. वर्षाकाठी फार तर पंधरा दिवस असे येतात, की स्कूटरवरून जाताना माणूस ‘आज जरा गारवा आहे हं’ असं म्हणतो, आणि तेही कौतुकानं. पण साडूंचा हिवाळा श्रावणात सुरू होतो. आपण घामानं निथळत त्यांच्या घरी जावं, तर हे मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन बसलेले असतात आणि वर सांगतात, “यंदा कडाका आहे. मला इथं कळतं.” असं म्हणून ते डावा गुडघा दाखवतात. गेली वीस वर्षं तो गुडघा दर साली खोटा ठरला आहे, पण साडूंचा त्याच्यावरचा विश्वास तसूभरही ढळलेला नाही.

साडू विणतात हे ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे एखादी नाजूक मूर्ती आली असेल, तर ती कृपा करून पुसून टाकावी. साडू सहा फूट उंच आहेत. मिशीची टोकं वर वळलेली. घराण्यातले दोन-तीन पुरुष संस्थानाच्या फौजेत होते, आणि तिथला आवाज यांच्या गळ्यात जसाच्या तसा उतरला आहे. चौतीस वर्षं त्यांनी बाजव्याजवळच्या रिफायनरीत पाळ्या केल्या, मोठमोठे पाने फिरवले, त्यामुळे तळहात असा की त्यावर पोळी लाटावी. मी साताऱ्याहून बँकेच्या नोकरीपायी इथं आलो, इथलीच मुलगी केली, इथंच रिटायर झालो, पण ते मला अजून सातारकर म्हणतात. त्यांच्या हिशेबी मी अजून स्टेशनावर उतरतोच आहे. मी त्यांना भाऊ म्हणतो. तर असा हा गृहस्थ नऊ नंबरच्या दोन सुया हातात घेऊन सुलट-उलट, सुलट-उलट करत बसतो, आणि या विणण्यापायी त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावानं, म्हणजे दादांनी, आठ वर्षं त्यांच्याशी अबोला धरला. तेच सांगायला मी बसलो आहे. पण साडूंबद्दल कुठलीही गोष्ट सरळ रेषेत सांगता येत नाही, आधी थोडं इकडचं तिकडचं ऐकून घ्यावं लागेल.

मुळात सुया ताईंच्या. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, शाळेत शिकवतात, बोलणं कमी आणि काम नेटकं. आमची मुलगी झाली तेव्हा ताई तिच्यासाठी गुलाबी स्वेटर विणत होत्या. एक बाही राहिली असताना त्या जिन्यावरून घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. बारसं चार दिवसांवर. ताईंनी पलंगावरून सांगायचं आणि साडूंनी विणायचं असं ठरलं. साडूंनी सुया पान्यासारख्या धरल्या आणि प्रत्येक टाका नट आवळावा तसा आवळला. बारशाच्या फोटोत आमच्या मुलीची डावी बाही मनगटापर्यंत आली आहे आणि उजवी कोपराशी थांबली आहे, आणि तो हात बँडेज बांधल्यासारखा ताठ उभा आहे. मुलगी फोटोभर रडते आहे. साडू मात्र तिच्यामागे असे उभे आहेत, की गड सर करून आले असावेत. ताईंचा हात महिन्यानं बरा झाला, पण सुया त्यांना काही परत मिळाल्या नाहीत. “तुला शाळा आहे, तू दमतेस,” असं साडू त्यांना आजतागायत सांगतात.

रिटायर झाल्यावर घर साडूंकडे आलं. ताईंची शाळा चालू होती, त्यामुळे सकाळचा स्वयंपाक, दूध, भाजी, गिरणी सगळं यांच्या अंगावर, आणि त्यातच विणणं. दोन्ही कामं त्यांना एकाच वेळी करायची असतात, आणि एकच नियम दोन्हीकडे लावायचा असतो: हातातली ओळ अर्ध्यात सोडायची नाही. मग दारावरची बेल असो, दुधाची उतू जाण्याची घाई असो, की आणखी काही. दूध उतू गेल्यावर ते दुधालाच रागावतात, “दहा टाके थांबता येत नव्हतं?” कुकरच्या शिट्ट्या आणि टाके तर एकाच आकड्यात मोजले जातात. शेजारच्या बेन सांगतात, एकदा त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत साडूंचा आवाज येत होता, “एकोणतीस, तीस, एकतीस,” आणि मध्येच शिट्टी झाली की आवाज थांबायचा आणि पुन्हा एकपासून सुरू व्हायचा. त्या दिवशी तुरीच्या डाळीचं काय झालं असेल ते सांगायला नको. ताईंनी संध्याकाळी ती डाळ निमूटपणे पिठात मळून तिचे पराठे केले, आणि त्या आठवड्यात साडूंच्या स्वेटरची पाठ चार बोटं जास्त लांब झाली.

लोकर गव्हाच्या पिंपात ठेवतात. पिंपात कडुनिंबाचा पाला असतो, म्हणून गव्हाला कीड नाही आणि लोकरीला कसर नाही, असा त्यांचा एका दगडात दोन पक्ष्यांचा हिशेब. त्यामुळे त्यांच्याकडच्या पोळीत अधूनमधून एखादा निळा किंवा मोरपंखी धागा निघतो. पहिल्यांदा निघाला तेव्हा मी तो ताटाच्या कडेला ठेवला. साडूंनी तो उचलला, उजेडाकडे धरला आणि समाधानानं म्हणाले, “हाच! हाच सापडत नव्हता.”

त्यांच्या घरी जाणाऱ्याला आणखी एक भोग असतो. लोकर लडीत येते, ती गुंड्यात गुंडाळायची तर लड कुणीतरी दोन्ही हातांत ताणून धरावी लागते. ताई शाळेत, मग धरणार कोण? जो येईल तो. दार उघडल्या उघडल्या साडू “या, या, केम छो?” म्हणत आपले दोन्ही हात हातात घेतात, आपल्याला वाटतं माया उतू चालली आहे, आणि बघतो तर मनगटांवर लड चढलेली. त्यानंतर अर्धा तास आपण नमस्काराच्या अलीकडच्या अवस्थेत बसून राहायचं. चहा येतो, पण पिणार कसा? साडू दर दोन मिनिटांनी उठून कप आपल्या ओठांना लावतात, आणि त्यांना वाटतं त्यांनी फार चांगला पाहुणचार केला. एकदा मी गेलो तेव्हा गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस खुर्चीत तसाच हात पुढे करून बसला होता. मला बघून त्याचे डोळे भरून आले. “काका, मने जवा दो ने,” अशी सुटकेची विनवणी तो किती वेळ करत होता कुणास ठाऊक. साडू शांतपणे गुंडाळत म्हणाले, “एमां शुं, त्यात काय? झालंच. सातारकर आले, आता दुसरी लड त्यांना.”

माप ते वितीनं घेतात. टेप शिंप्यानं वापरावी, असं त्यांचं मत. “माझी एक वीत म्हणजे पन्नास टाके. चुकायचं नाव नको.” ही वीत ते कुणाच्याही पाठीवर, कुठंही, न विचारता टाकतात. करजणला एका लग्नात वराचे काका पाठमोरे उभे होते. साडूंनी मागून जाऊन त्यांच्या खांद्यावर वीत टाकली, दुसरी टाकली, आणि “दोन आणि तीन बोटं” असं मोठ्यानं म्हणाले. काकांना वाटलं कुणी जुना मित्र पाठीवर थाप देतोय. त्यांनी वळून साडूंना कडकडून मिठी मारली आणि ओळख न पटताही रिसेप्शनभर सोडलं नाही. डिसेंबरात त्या काकांना पार्सलनं स्वेटर गेला. तो बरोबर बसला म्हणे.

स्वेटर बसतात, यात शंका नाही. घालायचे कधी, एवढाच प्रश्न. आमच्या घरात त्यांनी विणलेले अकरा स्वेटर आहेत. आमच्या दारामागे खिळ्याला दोन कायम टांगलेले असतात, कारण साडू न कळवता येतात आणि आपण दिलेली वस्तू वापरात आहे की नाही ते आल्या आल्या बघतात. त्यांच्या स्कूटरचा आवाज मी आणि बायको दोघंही आता झोपेतून ओळखतो. एका मार्चमध्ये, होळीच्या आधल्या दिवशी, मी उघड्या अंगावर त्यातला वेण्यांच्या विणीचा चॉकलेटी स्वेटर चढवून पाऊण तास त्यांच्यासमोर बसलो होतो. घाम भुवईवरून चहात पडत होता. साडूंनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं आणि म्हणाले, “सातारकर, तब्येतीला जपा. तुम्हाला थंडी फार बाधते.”

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. दादांचं तसं नाही.

दादा साडूंपेक्षा चौदा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, तेव्हा साडू सातवीत होते. दादांनी शाळेत व्यायामशिक्षकाची नोकरी धरली आणि भावाला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं, मग स्वतःच्या संसाराकडे पाहिलं. दांडिया बाजारात दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर आहे. तिथं देव्हाऱ्याशेजारी घराण्याची तलवार असते आणि खंडेनवमीला सगळं कुटुंब तिथं जमतं. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा. तलवारीच्या बाजूला घरातला प्रत्येक जण आपापल्या पोटापाण्याचं साधन ठेवतो. दादांची शिट्टी, त्यांच्या मुलाचा लॅपटॉप, सूनबाईंची विळी, आणि साडूंचा पाना. चौतीस वर्षं साडूंनी पाना ठेवला. रिटायर झाले त्या वर्षी पाना जमा केलेला, आता ठेवणार काय? साडूंनी प्रामाणिकपणानं विचार केला आणि पिशवीतून दोन सुया काढून तलवारीशेजारी ठेवल्या. सुयांवर अर्धी विणलेली बाही होती, कारण टाके सुईवरून काढून ठेवता येत नाहीत.

त्या दिवशी मी तिथंच बसलो होतो. दादांनी हळदकुंकवाचं तबक हातात घेतलं आणि थांबले.

“हे काय?”

“माझं हत्यार, दादा.”

“हे बायकांचं काम आहे. उचल.”

साडू उभ्या आयुष्यात दादांना उलट बोलले नव्हते. पण त्या दिवशी, कोण जाणे कुठून, त्यांच्या तोंडून निघालं, “विळीपण बायकांचीच आहे. ती कशी चालते?”

दादांचे कान लाल झाले. त्यांनी वाकून सुया उचलल्या, आणि उचलल्या त्या अशा, की बाही खाली पडली आणि नुसत्या सुया त्यांच्या हातात राहिल्या. विणणाऱ्या माणसाला याचा अर्थ कळेल. चौसष्ट टाके एकदम सुटले. दादांना त्यातलं काही कळलं नसणार, त्यांनी आपल्या हिशेबानं केर उचलला होता. पण साडूंचा चेहरा मी पाहिला. त्यांनी बाही दोन्ही तळहातांवर, एकही टाका आणखी घसरू नये अशी, उचलून घेतली आणि प्रसाद न घेता जिना उतरले. दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं द्यायला धाकट्यानं थोरल्याकडे जायचं असतं. साडू गेले नाहीत, आणि का आला नाहीस म्हणून दादांनीही विचारलं नाही. मोडेन पण वाकणार नाही, ही म्हण या दोघांच्याच घरात जन्माला आली असावी. दोघांनाही पुढच्या आठ वर्षांत पुष्कळदा वाकायचं होतं, पण समोरचा आधी वाकतो का ते बघत राहिले.

आता त्या हिरव्या स्वेटरचं. भांडण झालं त्याच थंडीत साडूंनी गडद हिरव्या लोकरीचा एक स्वेटर विणला. पाठीला एकशे बारा टाके, रुंद खांदे, उंच गळा. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठीही नाही हे दिसतच होतं. मी विचारलं तर म्हणाले, “दादांना लहानपणापासून थंडीत खोकला होतो.” एवढं बोलून पुढची ओळ सुरू. स्वेटर पूर्ण झाला, कपाटात गेला. पुढच्या श्रावणात त्यांनी तो बाहेर काढला, सगळा उसवला, लोकर धुऊन वाळवली आणि पुन्हा तोच स्वेटर विणायला घेतला. या वेळी एकशे दहा टाके. त्याच्या पुढच्या वर्षी एकशे सहा. आम्हाला वाटलं म्हाताऱ्याला चळ लागला. ताई फक्त म्हणाल्या, “तुम्ही एकदा सकाळी त्यांच्याबरोबर कमाटीबागेत जाऊन या.”

गेलो. साडू एका मोठ्या झाडाच्या आडोशाला उभे राहिले, सहा फूट माणूस जितका आडोशाला राहू शकतो तितके. समोरच्या रस्त्यानं दादा काठी घेऊन, कवायतीच्या चालीनं, नजर समोर ठेवून येत होते. अंगात कोट, गळ्याला मफलर. आमच्यापासून वीस-पंचवीस पावलांवरून ते गेले. साडूंनी डोळे बारीक करून हवेतच अंगठा आणि करंगळी ताणली, खांद्यापासून खांद्यापर्यंत. मग हात खाली घेतला.

“उतरलेत,” म्हणाले. “चार टाके कमी करायला हवेत.”

मला हसू यायला हवं होतं. मी म्हटलं, “भाऊ, जाऊन भेटा की. पंचवीस पावलं आहेत.”

“त्यांनी हाक मारली तर जाईन ना,” ते म्हणाले, आणि दादा वळणाआड जाईपर्यंत तिथून हलले नाहीत. दरवर्षी असं चालायचं. दादा आटत गेले आणि स्वेटर आटत गेला. जगात मला माहीत असलेला हा एकच स्वेटर, की जो न घालता आठ वेळा मापाचा झाला.

गेल्या माघात दादांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून आठ दिवसांनी घरी आले, त्यानंतर सूनबाईंचा ताईंना फोन आला. मी त्या वेळी नेमका लड धरून बसलो होतो, त्यामुळे सगळं ऐकलं. अंगातली थंडी जात नाही, दोन रजया घेऊनही कुडकुडतात, विकतचा स्वेटर आणला तर टोचतो म्हणून फेकून दिला.

“विकतचा टोचणारच,” साडू गुंडाळता गुंडाळता म्हणाले.

ताईंनी फोन ठेवला आणि नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“मी जाणार नाही,” असं म्हणत साडूंनी चपला घातल्या. “त्यांनी बोलावलेलं नाही. सातारकर, चला.” लड माझ्या हातांवरून ताईंनीच उतरवून घेतली.

दांडिया बाजारातला जिना साडू एकेक पायरी मोजल्यासारखे चढले. दारात पोचल्यावर त्यांनी हिरव्या स्वेटरची पिशवी माझ्या हातात दिली आणि मला पुढे ढकललं. दादा खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून बसले होते. मी त्यांना जवळून पाहिलं. बागेत कोटाच्या आत जो माणूस होता, तो एवढासाच होता.

“कोण, सातारकर? या,” दादा म्हणाले. आवाज मात्र अजून मैदानावरचा होता. मग माझ्या खांद्यावरून मागे बघत, “तुमच्याबरोबर कोण आहे?”

“भाऊ आलेत.”

“त्यांना सांगा, खुर्ची आहे तिथं.”

मी मागे वळून सांगितलं, खुर्ची आहे. साडू म्हणाले, “त्यांना म्हणावं, मी उभा बरा आहे.” मी तेही सांगितलं. दादा म्हणाले, “उभं राहून गुडघा दुखेल म्हणावं. डावा.” दोघांमध्ये चार हातांचं अंतर आणि मी मध्ये पोस्टमन. असं पाच-सहा वाक्यं चाललं. शेवटी सूनबाईच आत आल्या, माझ्या हातातली पिशवी घेतली, स्वेटर काढला आणि “बाबा, हात वर करा बघू” म्हणून सरळ दादांच्या डोक्यातून घातला. दादा ओरडायच्या आत तो अंगात गेलासुद्धा.

आणि तो केवढा मोठा होता! खांदे दंडावर उतरले, बाह्यांतून बोटं दिसेनात, गळ्यात दादांची मान एका बाजूला कलली. दरवर्षी कमी केलेले ते टाके साडूंनी कोटावरून मोजले होते, आणि कोटाच्या आत काय उरलं आहे ते लांबून कसं कळणार? साडू भिंतीला धरून उभे होते. दादांनी आपल्याच अंगाकडे पाहिलं, बाही चाचपली, तिचा काठ बोटांत धरून ठेवला.

“हा कुणाचा विणलास रे?” त्यांनी विचारलं. मला नव्हे, साडूंना.

“तुमचाच, दादा.”

“मी एवढा राहिलो नाही रे आता.”

साडूंनी मिशीवरून तळहात फिरवला. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. मागून दादांचा आवाज आला, खरखरीत, शाळेत एखाद्या पोराला पुन्हा धाव म्हणून सांगावं तसा:

“मग बघतोस काय? माप घे नीट.”

साडू पुढे आले आणि पलंगावर दादांच्या पाठीमागे बसले. तो भला मोठा तळहात त्यांनी दादांच्या खांद्यावर टेकवला, वीत ताणली, आणि बराच वेळ तशीच राहू दिली. दुसरी वीत पुरी बसलीच नाही, अर्ध्यावर दुसरा खांदा आला. “दीड,” साडू म्हणाले, पण ते ऐकू येण्यासारखं नव्हतं. दादा पाठमोरेच होते. समोर भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं, “त्या दिवशी ती बाही... तिचं काय केलंस?”

“उचलले टाके परत.”

“सगळे?”

“तीन खाली घसरले होते. पण धरले.”

“बरं केलंस,” दादा म्हणाले. आठ वर्षांत दोघांमध्ये झालेलं हे पहिलं बोलणं, आणि त्या विषयावरचं शेवटचं. पुढे चहा झाला, दादांनी तो ढगळ स्वेटर काढू दिला नाही, नवीन होईपर्यंत हाच असू दे म्हणाले. पण साडूंना लोकर तीच हवी होती. “दुसरी टोचेल तुम्हाला, ही आठदा धुतलेली आहे,” असं सांगून त्यांनी तो कसाबसा सोडवून घेतला आणि बदल्यात स्वतःच्या अंगातला राखाडी स्वेटर दादांना घातला. तो तर आणखीच मोठा होता.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी साडूंकडे गेलो. ऊन तापू लागलं होतं, रस्त्यावर उसाच्या रसाची घुंगरं वाजत होती आणि कुणाच्या अंगात स्वेटर असण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती. साडू हिरवा गुंडा मांडीवर घेऊन सुईवर टाके घालत होते. मला लड दिली नाही, चहाही विचारला नाही, मोजणं चालू होतं. मी शेजारी बसून राहिलो. ते आता रोज सकाळी दांडिया बाजारात जातात, दादांना दाढीला मदत करतात, दोघं पेपर वाचतात आणि पहिल्या पानापासून भांडतात, हे ताईंकडून कळलं होतं. डॉक्टर काय म्हणाले तेही ताईंकडूनच कळलं होतं. छाती कमजोर आहे, जपा, पुढचा हिवाळा काढला तर बरं.

“पंचाहत्तर,” साडू थांबून म्हणाले. “मापाप्रमाणे एवढेच बसतात. पण मी पंच्याऐंशी घालतोय.”

“दहा जास्त?”

“जेवायला लागलेत आता. काल अर्धी पोळी जास्त खाल्ली म्हणे. सूनबाई सांगत होती, आज सकाळी शिरा मागून घेतला.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, सुईवरचे टाके अंगठ्यानं सारखे करत राहिले. “दिवाळीपर्यंत भरतील ना थोडे? तुम्हाला काय वाटतं?”

वयाची ब्याऐंशी उलटलेला माणूस. त्याला मी पाहून आलो होतो, त्याच्या खांद्यावर अर्ध्यात थांबलेली ती वीतही पाहिली होती.

मी म्हटलं, “शंभर घाला, भाऊ.”